प्लॉट घ्यायच्या आधी साडेतीन हजार देऊन आकड्यांचा रिपोर्ट करून घेतला, पूर्ण अनुभव लिहितोय

समृद्धी महामार्गात आमची बदनापूर तालुक्यातली जमीन गेली, २०१८ ला मावेजा म्हणजे जमिनीची भरपाई आली, आणि तेव्हापासून त्यातला मोठा भाग अण्णांच्या नावानं बँकेत एफडीत आहे. गावात ज्यांना ज्यांना मावेजा आला त्यातल्या बऱ्याच जणांनी संभाजीनगरला नाहीतर जालन्याला प्लॉट घेतले, आणि आमच्या अण्णांना पारावर रोज कुणीतरी म्हणायचंच, "अण्णा, पैसा काहून बँकेत सडवायले, जागा घेऊन टाका की." सहा-सात वर्षं ऐकून ऐकून शेवटी मागच्या वर्षी अण्णा म्हणले, चल बघू.

एका एजंटनं शेंद्रा-करमाडच्या बाजूला एक लेआउट दाखवला, पंधराशे स्क्वेअर फूट, एनए म्हणजे बिगरशेती केलेला, रस्ते मुरमाचे, विजेचे खांब उभे. भाव सांगितला एकोणीसशे रुपये फूट, म्हणजे साडेअठ्ठावीस लाख. ऑरिक म्हणजे शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी जवळ, डीएमआयसी म्हणजे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्टा जवळ, समृद्धी जवळ, टोयोटा येणार, पुढच्या दिवाळीला तीन हजारानं जाईल आणि रविवारपर्यंत एक लाख इसार दिला नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. अण्णा तर इसार द्यायला निघालेच होते. माझ्या मेव्हण्यानं अडवलं, म्हणला की सिडकोत एक सर आहेत, स्टॅटिस्टिक्सचे रिटायर प्राध्यापक, ते आणि त्यांचा भाचा मिळून प्रॉपर्टीचा आकड्यांवरून रिपोर्ट करून देतात, आधी तो घ्या मग काय करायचं ते करा.

नाव आणि पत्ता इथं टाकत नाहीये, सरांनीच नको म्हणलं, महिन्याला चार-पाचच्या वर काम घेत नाहीत. पण अशी सर्व्हिस असती हेच मला माहीत नव्हतं, आणि त्यात काय काय बघतात ते कळलं तर तुम्ही स्वतःही बरंच करू शकता, म्हणून सविस्तर लिहितोय.

फी ३,५०० रुपये, अर्धी आधी. दोन टेबलांची खोली, बोर्ड नाही. भाचा रजिस्ट्रीची कामं करणारा, त्याला गट नंबर, फेरफार, इंडेक्स टू ह्या गोष्टी तोंडपाठ. आम्ही गेलो तर सरांनी जागेबद्दल काहीच विचारलं नाही, पहिला प्रश्न अण्णांना, की ह्या पैशाला किती वर्षं हात लावायची गरज पडणार नाही? अण्णा म्हणले दहा वर्षं पडू द्या. मी म्हणलो नाही, माझी पोरगी नववीला आहे, तिला मेडिकल करायचं आहे, चार वर्षांनी पैसे लागू शकतात. सरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पूर्ण रिपोर्ट ह्या एका वाक्याभोवती केला, हे मला नंतर कळलं. मला ही सर्व्हिस आवडण्याचं पहिलं कारण हेच. एजंटपासून पाहुण्यांपर्यंत आम्हाला प्रत्येकानं जागेबद्दल सांगितलं होतं, आमच्या पैशाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

आता रिपोर्ट. चौदा पानं, स्पायरल बाइंडिंग. खालचे आकडे मी थोडे गोल केलेत आणि लेआउटचं नाव सांगत नाही कारण तिथं लोकांचे व्यवहार चालू आहेत.

पहिल्या भागात त्या परिसरातले तीन वर्षांतले रजिस्टर झालेले व्यवहार. हे नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गावाचं नाव आणि गट नंबर टाकून कुणालाही बघता येतात, इंडेक्स टू म्हणजे सूची क्रमांक दोन, त्यात मोबदला किती, सरकारी बाजारभाव किती, क्षेत्रफळ किती, दस्त कधी झाला, स्टॅम्प किती भरला सगळं असतं. मला वाटायचं की हे आकडे घेतले, भागिले केलं, की भाव आला. सर म्हणले खरं काम इथून पुढं आहे, ह्यातलं काय काय काढून टाकायचं ते.

भाच्यानं पहिल्यांदा काय काढलं तर सरकारनं थेट खरेदीनं घेतलेल्या जमिनींची खरेदीखतं. आमच्यासारख्यांचीच. समृद्धीसाठी जमीन थेट खरेदीनं घेतली तेव्हा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं तक्त्यात ठरवलेल्या भावाच्या, पाच पटीपर्यंत मोबदला मिळाला, ते दस्त रजिस्टर झाले आणि ते पण त्याच यादीत बसलेत. कुणी त्याची सरासरी काढली तर भाव आभाळाला. आणि जिथं २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मावेजा ठरतो तिथं तर हिशेबच असा आहे, आधीच्या तीन वर्षांतले दस्त घ्यायचे, त्यातले जास्त किमतीचे अर्धे निवडायचे, त्यांची सरासरी काढायची, ग्रामीण भाग असेल तर त्याला गुणांक लावायचा, आणि वरून शंभर टक्के दिलासा रक्कम. म्हणजे मावेजा हा बाजारभाव नाहीच, तो शेतकऱ्याची जमीन जबरदस्तीनं जाती म्हणून मुद्दाम वर ठेवलेला आकडा आहे. अण्णा हे ऐकून लई वेळ गप्प बसले होते. आमच्या एजंटचं मुख्य बोलणंच हे होतं की "काका, तुम्हालाच एवढा मावेजा भेटला, मग जागा एकोणीसशेला स्वस्तच की."

दुसरं काढलं ते चुकीचे आकडे. एका दस्तात क्षेत्रफळ चौरस फुटाचं होतं पण लिहिलं चौरस मीटर, त्यामुळं भाव दहाव्या हिश्शाला दिसायला लागला. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, रेडी रेकनर मीटरमध्ये असतं आणि एजंट फुटात बोलतो, हे सगळं त्यांनी फुटात आणून ठेवलं. तिसरं म्हणजे बक्षीसपत्र, भावाभावातली वाटणी, असे दस्त, ह्याच्यात भाव नसतोच.

हे सगळं काढल्यावर आमच्या लेआउटच्या अगदी शेजारचे आणि आमच्यासारख्याच साईजचे फक्त सात व्यवहार उरले. ते सगळे देतो: १,४५०, १,५००, १,५००, १,५५०, १,६००, १,६५० आणि ३,९००. ह्याची सरासरी काढा, १,८७९ येती. एजंट जे एकोणीसशे चाललंय म्हणत होता ते खोटं नव्हतं, सरासरी खरंच तेवढीच आहे! पण सातपैकी सहा लोकांनी सतराशेच्या आत घेतलाय. तो ३,९०० वाला प्लॉट मेन रोडला लागून, पुढं दुकानं काढायची परवानगी असलेला. मधला आकडा, म्हणजे मध्यक, १,५५०. माझ्या पोरीच्या नववीच्या गणितात सांख्यिकीचा धडा आहे, मध्य मध्यक बहुलक, तिनं रिपोर्ट बघून लगेच ओळखलं. पंधराशे फुटाला हा फरक किती होतो बघा, साडेअठ्ठावीस लाख आणि सव्वातेवीस लाख. सव्वापाच लाख रुपये. एका प्लॉटमुळं आमच्याकडून सव्वापाच लाख जास्त जाणार होते.

पण ह्यावर सरांनीच लगेच खाली लिहिलंय की हे १,५५० पण खरं मानू नका. कारण पुढच्या पानावर त्यांनी मोठ्या परिसरातल्या सगळ्या व्यवहारांचा आलेख काढला होता आणि त्यात एका जागी भिंतीसारखा खांब उभा होता. भरपूर दस्त नेमके रेडी रेकनरच्या भावालाच झालेले, मोबदला आणि बाजारभाव दोन्ही रकान्यात एकच आकडा. सगळ्या लोकांना एकच किंमत कशी काय पटली? पटली नाही, तो कागदावरचा आकडा आहे, वरचे पैसे रोख गेले. स्टॅम्प ड्युटी मोबदला आणि सरकारी बाजारभाव ह्यातला जो जास्त त्याच्यावर लागती, आणि इन्कम टॅक्सवाले पण दहा टक्क्यांच्या वर फरक असला की विचारतात, त्यामुळं त्याच्याखाली कुणी जात नाही आणि वर जायची कुणाला गरज वाटत नाही. मग अशा दस्ताला भाव म्हणायचं का? सरांनी त्यांना वेगळं ठेवलं, "किमान एवढा तरी" म्हणून. आणि जिथं कागदावरचा आकडा रेडी रेकनरच्या चांगला वर आहे ते व्यवहार, विशेषतः बँकेचं कर्ज काढून घेतलेले, ते खऱ्याच्या जवळचे मानले, कारण कर्ज जास्त पाहिजे असलं की माणूस आकडा दाबत नाही. आमचे सातही व्यवहार रेडी रेकनरच्या वरचे होते म्हणून ते ठेवले, पण त्यात सुद्धा थोडं रोख असू शकतं, म्हणून सरांनी एक आकडा न देता १,५०० ते १,७५० अशी पट्टी दिली. मला हे लई पटलं. एकच आकडा दिला असता तर मी तो घेऊन भांडत बसलो असतो.

ह्याच भिंतीमुळं आणखी एक गोष्ट होती, जी मला आधी कधीच सुचली नसती. रेडी रेकनर २०२३ आणि २०२४ ला सरकारनं वाढवलं नाही आणि १ एप्रिल २०२५ पासून वाढवलं. आता ज्या गावात बहुतेक दस्त रेडी रेकनरलाच होतात तिथं रजिस्ट्रीचे आकडे घेऊन आलेख काढला तर दोन वर्षं भाव स्थिर आणि मग एकदम वाढ असं दिसणार, आणि कुणीतरी म्हणणार बघा मार्केट उठलं. उठलं काहीच नाही, मंत्रालयातून तक्ता बदलला. रिझर्व्ह बँकेचा घरांच्या किमतीचा निर्देशांक पण रजिस्ट्रीच्याच आकड्यांवर असतो, पण त्यात आपल्या मराठवाड्यातलं एकही शहर नाही, त्यामुळं पेपरात "देशात घरांच्या किमती इतक्या वाढल्या" वाचून शेंद्र्याच्या प्लॉटचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं पान, नववं. ह्या एका पानासाठी साडेतीन हजार वसूल.

लेआउटमध्ये ८४ प्लॉट. त्यातले ७० एकदा विकले गेलेत, लेआउटवाल्याकडून गिऱ्हाइकाला. मग सरांनी विचारलंय की ह्या ७० मधून पुढं दुसऱ्याला परत विकले किती? सहा. सात वर्षांत सहा! आणि ह्या सहांची आधीची खरेदी आणि नंतरची विक्री अशी जोडी लावून बघितलीय, एकच प्लॉट, दोन तारखा, दोन किमती. अमेरिकेत घरांच्या किमतीचा केस-शिलर म्हणून निर्देशांक आहे तो पण असाच, एकाच घराच्या दोन विक्रींची जोडी लावून काढतात, कारण मग रोडटचचा प्लॉट आणि आतला प्लॉट ह्यांची भेसळ होत नाही. सहापैकी तिघांना चांगला फायदा झाला, एकाचं जेमतेम निघालं, दोघांचा तोटा. तोटा कसा तो नीट समजून घ्या, कारण कागदावर फायदाच दिसतो. एकानं २०१९ ला १,३०० नं घेतला, २०२३ ला १,४०० नं विकला. घेताना स्टॅम्प, रजिस्ट्री, वकील मिळून सातेक टक्के गेले, म्हणजे त्याला पडला १,३९१ ला. विकताना दलाली दोन टक्के, हातात आले १,३७२. चार वर्षं पैसा अडकला आणि वरून फुटामागं एकोणीस रुपये गेले. तेच पैसे पोस्टात ठेवले असते तर.

खाली सरांनी पेननं लिहिलेलं वाक्य आहे, ते मी इथं तसंच देतो: "सहा व्यवहारांवरून भावाबद्दल काही ठाम म्हणता येत नाही, पण सत्तरपैकी सहाच जण बाहेर पडू शकले किंवा पडले, हे ठाम म्हणता येतं." मी विचारलं की सर, बाकीच्यांना विकायचंच नसेल तर? ते म्हणले असू शकतं, म्हणून तर भाच्याला पाठवलं. भाच्यानं लेआउटवर जाऊन आणि फोन करून अकरा मालकांना विचारलं, त्यातले पाच जण म्हणले की आम्ही विकायला काढलाय, वर्ष झालं, येतात बघतात जातात. मग माझी चार वर्षांनंतरची गरज ह्या पानाशी जोडून लिहिलीय, की ज्या जागेतून बाहेर पडायला वर्ष-दोन वर्षं लागतात तिथं मुलीच्या फीचे पैसे ठेवू नयेत, भाव वाढला तरी नाही.

अण्णांचं म्हणणं होतं की अरे पण मामाचा प्लॉट बघ. आमच्या मामांनी १९९६ ला संभाजीनगरला ८० हजाराचा प्लॉट घेतला, २०२४ ला १६ लाखाला दिला, वीस पट! आमच्या नात्यात ही गोष्ट प्रत्येक लग्नात निघती. सरांनी कॅल्क्युलेटरवर काढून दाखवलं, २८ वर्षांत वीस पट म्हणजे वर्षाला साधारण सव्वाअकरा टक्के चक्रवाढ. वाईट अजिबात नाही. पण त्याच काळात जानेवारी २००० पर्यंत पीपीएफलाच १२ टक्के व्याज होतं, ते आता ७.१ वर आलंय. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं मामांच्या प्लॉटएवढंच पोस्टातला माणूस पण कमावत होता, फक्त त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. आणि दुसरी बाजू अशी की मामांबरोबर ज्यांनी त्या वर्षी गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे बिनमंजुरीचे तुकडे पाडून विकतात त्यात, रजिस्ट्री न करता नुसत्या बाँडपेपरवर प्लॉट घेतले, ज्यांची नावं सातबाऱ्यावर कधी लागलीच नाहीत, ज्यांचा एकच प्लॉट दोघांना विकलेला निघाला, ते लग्नात कुणाला सांगायला येत नाहीत. संभाजीनगरमध्ये गुंठेवारी किती आहे हे आपल्याला माहीतच आहे, २००१ चा कायदा झाला, मग २०२१ ला त्याच्यात दुरुस्ती करून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं नियमित करायचं ठरलं, तरी बाँडवरचे जुने व्यवहार रजिस्ट्रीच्या कुठल्याच आकड्यात नाहीत. बुडालेले लोक आकड्यात नसतात म्हणून आकडा चांगला दिसतो. हे सरांनी इतक्या शांतपणे सांगितलं की अण्णांना राग आला नाही, नाहीतर मामांबद्दल घरात कुणी बोललेलं चालत नाही.

टोयोटाचं पण बघितलंय. २०२४ च्या जुलैमध्ये सरकारबरोबर साधारण वीस हजार कोटींचा करार झाला ही गोष्ट खरी आहे, बिडकीनला एथर ह्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या कंपनीचं पण जाहीर झालं, ऑरिकमध्ये काम चालू आहे, आणि मला मनापासून वाटतं की आपल्या पोरांना पुण्याला जावं लागू नये, हे सगळं यावंच. पण रिपोर्टमध्ये महिन्यामहिन्याला किती दस्त झाले त्याचा आलेख आहे आणि त्यात दिसतं की आमच्या बघितलेल्या भागात घोषणेनंतरचे काही महिने दस्त वाढले आणि मग परत आधीएवढेच झाले. भाव सांगणारे मात्र वर गेले ते खाली आलेच नाहीत. कारखाना येणं, त्यात माणसं लागणं, त्या माणसांनी आपल्याच लेआउटमध्ये घर बांधणं ह्याला वेळ लागतो, आणि सांगितलेल्या भावात ती दहा वर्षं आधीच मोजून घेतलीत.

फ्लॅटचा पर्याय पण त्यांनी करून दिला, बीड बायपासच्या बाजूचा, मी वेगळे पैसे दिले नाहीत. ४२ लाखाचा फ्लॅट, खर्चासकट ४५. भाडं ११ हजार, वर्षाचे १ लाख ३२ हजार, त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, वर्षात एक महिना रिकामा धरून हातात ९७ हजार. म्हणजे सव्वादोन टक्के पण नाही. एफडीला सात टक्के मिळत असतील तर फ्लॅटची किंमत दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढली तरच बरोबरी होती, आणि फ्लॅट जुना होत जातो. इथं फार वेळ घालवला नाही, आकडाच बोलला.

आता जे आवडलं नाही ते.

बारा दिवस सांगितले होते, तेवीस लागले. मध्ये दोनदा फोन केला तर भाचा म्हणला गट नंबरच्या पोटहिश्श्यांचा घोळ आहे, तपासल्याशिवाय देत नाही. कारण बरोबर असेल पण इकडं एजंट रोज फोन करायलाय आणि अण्णा माझ्याकडं बघायलेत, अशा वेळी अकरा दिवस जास्त म्हणजे खूप होतात. आधीच पंचवीस दिवस सांगा ना.

दुसरं, रिपोर्ट अर्धा इंग्रजीत. ज्यांच्या पैशाचा निर्णय आहे ते अण्णा चौथी शिकलेले आहेत. सरांनी समोर बसवून दीड तास मराठीत समजावलं हे खरंय, पण घरी आल्यावर परत वाचायला पाहिजे असतं. मी सांगून आलोय.

तिसरं, भाड्याचे आकडे. अकरा फ्लॅटवाल्यांना फोन करून किती भाडं म्हणता ते विचारलंय, म्हणजे मागितलेलं भाडं, ठरलेलं नाही. भाडेकरार रजिस्टर करणं आपल्या राज्यात बंधनकारक आहे, त्यामुळं जे रजिस्टर झालेत त्यावरून खरं भाडं काढता आलं असतं. बरेच लोक नुसती नोटरी करतात हे माहीत आहे, पण जेवढे मिळतील तेवढे तरी घ्यायचे. जागेच्या किमतीत जो बारकावा ठेवला तो भाड्यात ठेवला नाही.

चौथं, पाणी. चौदा पानात पाण्यावर एक ओळ नाही! आपल्याकडं मराठवाड्यात जागेचा हिशेब पाण्याशिवाय कसा काय होतो? लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, संभाजीनगरात जायकवाडी उशाला असून नळाला किती किती दिवसांनी पाणी येतं ते तिथं राहणाऱ्याला विचारा. ज्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर लागतो तिचा मेंटेनन्स वेगळा, भाडेकरू टिकायचा काळ वेगळा. बोअरची खोली, पाणी कोणत्या महिन्यात आटतं, टँकरचे महिन्याचे पैसे, एवढे तीन रकाने घातले तर रिपोर्ट दुप्पट कामाचा होईल.

आणि पाचवं, शेवटचं पान. त्यावर एक रेघ आहे, नऊ वर्षांचे ठिपके आणि त्यातून सरळ पुढं ओढलेली, २०३० ला भाव इतका होईल म्हणून. मला ते पान नाहीच पटलं. ज्या माणसानं सहा व्यवहारांवरून भाव सांगायला नकार दिला तो पाच वर्षांनंतरचा भाव एका रेघेवरून कसा काय देतो? मी विचारलं. सर म्हणले ते पान मला पण नकोय, पण गिऱ्हाईक तेच पहिलं उघडतं आणि नसलं तर पैसे परत मागतं म्हणून भाचा छापतो. सर, माझी विनंती आहे, ते पान काढा. आमच्या अण्णांनी घरी आल्यावर बरोबर तेच पान उघडून शेजारच्यांना दाखवलं, आधीची तेरा पानं बाजूला राहिली, मला परत पहिल्यापासून समजवावं लागलं.

काय झालं पुढं ते पण सांगतो. आम्ही एजंटला सात व्यवहारांची यादी दाखवून सोळाशे म्हणलो. तो म्हणला "काका, त्या भावात आता स्वप्नात पण भेटत नाही," आणि उठला. अडीच महिन्यांनी त्याचाच फोन आला, साडेसतराशेला बसू म्हणून. रविवारचं ते दुसरं गिऱ्हाईक काही आलेलं नव्हतं. पण तोपर्यंत अण्णांनीच ठरवलं होतं की पोरीच्या नावचे पैसे एफडीतच राहू द्यायचे आणि उरलेल्यात जागा घ्यायची तर अशी घ्यायची की जिथं परत विकल्याचे दस्त भरपूर आहेत. आता कुणी पण प्लॉट दाखवला की अण्णा एकच विचारतात, "इथं घेऊन परत विकलेला माणूस दाखव." अजून एकानंही दाखवला नाही.

कुणी घ्यावी ही सर्व्हिस? ज्याला राहायला घर बांधायचंय त्याला एवढं करायची गरज नाही, शाळा, दवाखाना, पाणी बघा आणि घ्या. ज्याच्याकडं एकरकमी पैसा आलाय, मावेजाचा, रिटायरमेंटचा, आणि चारी बाजूंनी लोक सल्ले द्यायलेत, त्यानं नक्की घ्यावी. ज्याला कॉम्प्युटर येतो आणि दोन-तीन संध्याकाळी देता येतात त्यानं ई-सर्च आणि रेडी रेकनरचा तक्ता घेऊन स्वतः पण करून बघावं, मी त्यांची पद्धत बघून बदनापूरजवळच्या एका लेआउटचं केलं, जमलं, फक्त दस्त साफ करण्यात माझा वेळ लई गेला. एक लक्षात ठेवा, हा कायदेशीर तपास नाही. टायटल, तीस वर्षांचा सर्च, ह्याला वकील वेगळाच लागतो, आणि पाचशे चौरस मीटरच्या वरचा लेआउट असेल तर महारेराच्या साईटवर नोंदणी आहे का ते आधी बघून घ्या, ते फुकट आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार. रेघेचं पान काढलं आणि पाणी घातलं की पाच देईन.

जाताना गट नंबर, लेआउटचा मंजूर नकाशा आणि सातबारा सोबत न्या, आम्ही नकाशा नेला नव्हता तर परत पाठवलं होतं. दोन जागांची तुलना करायची असेल तर फी आता साडेपाच हजार पडती. पैसे कशासाठी आहेत आणि कधी लागणार हे घरात आधी बोलून जा, तिथं सगळ्यात आधी तेच विचारतात.